कोंबुचा (घरगुती निर्मिती)

कोंबुचा हे साखर घातलेल्या कोऱ्या चहाचे जीवाणू आणि यीस्ट यांच्या एकत्रित क्रियेने किण्वन होऊन तयार होणारे आंबटगोड, किंचित फसफसणारे पेय आहे. किण्वन चालू असताना चहाच्या पृष्ठभागावर जाड, चिवट, सायीसारखा थर धरतो. त्यावरून हे पेय चटकन ओळखता येते. घरी कोंबुचा करण्यास चहा, साखर, पाणी आणि आधीच्या खेपेचे विरजण एवढेच साहित्य लागते. मात्र हे द्रावण आम्लधर्मी असून ते एकाच भांड्यात आठवडा-दोन आठवडे राहते. त्यामुळे भांडे कशाचे आहे यावर पेयाची सुरक्षितता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

नाव आणि पार्श्वभूमी

जपानी भाषेत 'कोंबु' हे एका खाद्य समुद्रशेवाळाचे नाव असून 'चा' म्हणजे चहा. जपानमध्ये कोंबुचा मागितल्यास या शेवाळाचा खारट काढा मिळतो. आंबवलेल्या चहाला तेथे 'कोचा किनोको', म्हणजे काळ्या चहाची अळंबी, असे म्हणतात. रशियन भाषेतील 'चायनी ग्रिब' या नावाचा अर्थही चहाची अळंबी असाच होतो. ही नावे पृष्ठभागावरील थराच्या रूपावरून पडली आहेत. तो थर प्रत्यक्षात अळंबी नाही.

या पेयाचा उगम सर्वसाधारणपणे ईशान्य चीनमध्ये (मांचुरिया) मानला जातो. इ.स.पू. २२१ मधील छिन राजवटीत ते प्यायले जाई, किंवा इ.स. ४१४ मध्ये कोंबु नावाच्या कोरियन वैद्याने ते जपानच्या सम्राटाला दिले, या कथा विक्रेत्यांच्या पत्रकांत वारंवार आढळतात. त्यांना समकालीन पुराव्याचा आधार नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे पेय रशियातून जर्मनी व युरोपच्या इतर भागांत पसरले. १९७०च्या दशकात जपानमध्ये त्याची लाट आली आणि १९९०च्या दशकात अमेरिकेत त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. अलीकडच्या काळात मुंबई, पुणे, बंगळूरू यांसारख्या शहरांत बाटलीबंद कोंबुचा मिळू लागला असून विरजणाची ऑनलाइन विक्रीही होते.

किण्वनाची प्रक्रिया

कोंबुचाच्या विरजणाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'स्कोबी' म्हणतात. जीवाणू आणि यीस्ट यांचे सहजीवी विरजण असा त्याचा अर्थ आहे. यीस्ट प्रथम साखरेचे (सुक्रोज) ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन करते आणि त्यांपासून एथिल अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते. ॲसिटिक आम्ल जीवाणू या अल्कोहोलचे हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने ॲसिटिक आम्लात, तर ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्लात रूपांतर करतात. कोमागाटाइबॅक्टर झायलिनस हा यांपैकी प्रमुख जीवाणू होय. पृष्ठभागावरील थर याच जीवाणूने विणलेल्या सेल्युलोजचा असतो.

या वर्णनातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. आम्ल तयार होण्यास ऑक्सिजन लागत असल्याने भांडे हवाबंद ठेवता येत नाही. दुसरे म्हणजे, किण्वन घडवणारे सूक्ष्मजीव केवळ त्या थरात राहत नाहीत, ते संपूर्ण द्रवात पसरलेले असतात. दही लावताना जसे चमचाभर विरजण पुरते, तसेच येथे जुन्या खेपेचा आंबट द्रव हेच खरे विरजण होय. थर नसतानाही पुरेशा आंबट द्रवावर नवी खेप लागते. उलट द्रवाशिवाय नुसता थर घातल्यास खेप बिघडण्याची शक्यता वाढते. नवशिके लोक थर जपतात आणि द्रव ओतून टाकतात. हे नेमके उलटे आहे.

किण्वन पूर्ण होईपर्यंत द्रवाचा सामू साधारण २.५ ते ३.५ पर्यंत उतरतो. ही आम्लता बहुतेक रोगकारक जीवाणूंना प्रतिबंध करते आणि हीच आम्लता भांड्यातील धातू विरघळवते.

भांड्याची निवड

आंबट पदार्थ कोणत्या भांड्यात ठेवू नये याचे ज्ञान मराठी घरांना नवे नाही. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक, दही किंवा आमटी राहिली की ती कळकते, हा अनुभव स्टेनलेस स्टील येण्यापूर्वी सार्वत्रिक होता. आंबट पदार्थातील आम्ल तांबे विरघळवते आणि पदार्थाला हिरवट झाक व तुरट, मळमळ आणणारी चव येते. ताक कळकण्यास काही तास पुरतात. कोंबुचा भांड्यात दहा-पंधरा दिवस असतो. म्हणून तांबे, पितळ, कासे, ॲल्युमिनियम, लोखंड आणि बीड ही सर्व या कामासाठी वर्ज्य मानली जातात. कल्हईचा पातळ थरही इतक्या दीर्घ संपर्कात भरवशाचा नाही.

काच

घरगुती निर्मितीसाठी साधी, पारदर्शक, रुंद तोंडाची काचेची बरणी सर्वांत योग्य समजली जाते. काचेवर या आम्लाचा व्यवहारतः परिणाम होत नाही, तिला वास धरत नाही आणि आत काय चालले आहे ते बाहेरून दिसते. नवख्या व्यक्तीसाठी हा शेवटचा गुण विशेष महत्त्वाचा आहे, कारण बुरशी व नवा थर यांतील फरक पाहूनच कळतो. लोणचे, मध किंवा कॉफीच्या रिकाम्या बरण्या चालतात, मात्र लोणच्याच्या बरणीच्या झाकणात मुरलेला तेलमसाल्याचा वास सहजासहजी जात नाही. येथे झाकण लागतच नसल्याने ते बाजूला ठेवता येते.

साधी काच एकदम तापल्यास तडकते. उकळता चहा थेट बरणीत ओतण्याऐवजी तो पातेल्यात पूर्ण निवू द्यावा लागतो. बोरोसिलिकेट काच तुलनेने अधिक सोसते. आतील बाजूस रंगकाम असलेली काच टाळली जाते. शोभेची 'लेड क्रिस्टल' भांडी तर कटाक्षाने टाळावीत: युरोपीय संघाच्या व्याख्येनुसार या काचेत किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असते आणि ते आम्लधर्मी पेयात उतरते.

चिनी माती व झिलईची भांडी

भांड्याच्या निवडीतील सर्वांत गंभीर धोका या प्रकारात आहे. मातीच्या भांड्यांवरील झिलई ही काचेचाच एक पातळ थर असते. ती कमी तापमानाला वितळावी आणि रंग उठून दिसावेत म्हणून तिच्यात पूर्वापार शिशाची संयुगे मिसळली जात. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय नियतकालिकात एका दांपत्याची हकिकत प्रसिद्ध झाली. ते सहा महिने चिनी मातीच्या भांड्यात केलेला कोंबुचा पीत होते. दोघांनाही शिशाची विषबाधा झाली आणि शिसे शरीराबाहेर काढणारे उपचार घ्यावे लागले. पेयातील आम्लाने झिलईतील शिसे विरघळवले असावे, असा निष्कर्ष डॉक्टरांनी काढला. शिसे विरघळलेले पेय पाहून, हुंगून किंवा चाखून ओळखू येत नाही.

यावरून चिनी मातीची प्रत्येक बरणी विषारी ठरत नाही. लोणच्यासाठी वापरली जाणारी, उच्च तापमानाला भाजलेली पांढरी-तपकिरी दणकट बरणी साधारणपणे शिसेमुक्त असते. अडचण अशी की केवळ पाहून खात्री देता येत नाही. आजीच्या काळची बरणी, प्रवासातून आणलेले रंगीत भांडे आणि हस्तकला प्रदर्शनातील कुंभ यांच्या झिलईत काय आहे हे विक्रेत्यालाही माहीत नसते. अन्नासाठीच्या मातीच्या भांड्यांची प्रमाणित प्रयोगशाळा चाचणी ४ टक्के ॲसिटिक आम्ल २४ तास भांड्यात ठेवून, त्यात किती शिसे व कॅडमियम उतरले हे मोजून केली जाते. कोंबुचातील आम्ल त्याहून सौम्य असले तरी ते चोवीस तासांऐवजी अनेक दिवस, आणि खेपेमागून खेप, त्याच झिलईच्या संपर्कात राहते. त्यामुळे 'अन्नासाठी सुरक्षित' असा शिक्का असलेले भांडेही या वापरासाठी तपासले गेले आहे असे गृहीत धरता येत नाही. झिलईला बारीक तडे गेलेली किंवा टवका उडालेली बरणी कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. शंका असल्यास काचेची बरणी घेणे स्वस्त पडते.

बिनझिलईचे मडके किंवा माठ वेगळ्या कारणाने गैरसोयीचा आहे. त्याच्या छिद्रांत द्रव मुरतो, भांडे पूर्णपणे स्वच्छ करता येत नाही आणि एकदा बुरशी शिरली की ती निघत नाही.

स्टेनलेस स्टील, प्लास्टिक व लाकूड

स्टेनलेस स्टीलवरील क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर त्याचे आम्लापासून रक्षण करतो. ३०४ प्रतीचे (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) किंवा ३१६ प्रतीचे स्टील कोंबुचासाठी चालते आणि व्यावसायिक उत्पादक त्याच्याच टाक्या वापरतात. भारतीय बाजारातील अनेक स्वस्त भांडी मात्र निकेल कमी व मँगेनीज अधिक असलेल्या २०० मालिकेतील स्टीलची असतात आणि ती तुलनेने लवकर गंजतात. चुंबक लावून पाहण्याची घरगुती परीक्षा येथे निरुपयोगी आहे, कारण दोन्ही प्रकारच्या स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. प्रतीची खात्री नसलेला स्टीलचा डबा चहा उकळण्यासाठी वापरावा, आंबवण्यासाठी नव्हे. धातूचा स्पर्श झाला की विरजण मरते, हा समज मात्र निराधार आहे. स्टीलचा चमचा, गाळणी किंवा कात्री क्षणभर लागल्याने काहीही बिघडत नाही.

अन्नासाठी प्रमाणित जाड प्लास्टिकच्या (एचडीपीई) बादल्या आंबवण्यासाठी वापरल्या जातात. पण प्लास्टिकवर ओरखडे लवकर पडतात, त्यांत सूक्ष्मजीव घर करतात आणि आधीच्या पदार्थाचा वास टिकून राहतो. ओक लाकडाची पिंपे चवीला वेगळी छटा देतात, परंतु त्यांची निगा राखणे हा स्वतंत्र व्याप असून पहिल्या खेपेसाठी ती कोणी सुचवत नाही.

आकार, आकारमान आणि तोटी

आम्ल तयार होण्याची क्रिया मुख्यतः पृष्ठभागाजवळ घडत असल्याने भांड्याचा आकार किण्वनाचा वेग ठरवतो. १८ सेंटीमीटर व्यासाच्या सरळ बरणीत ४ लिटर द्रवाची खोली सुमारे १६ सेंटीमीटर भरते. १२ सेंटीमीटर व्यासाच्या बरणीत तेवढ्याच द्रवाची खोली ३५ सेंटीमीटर होते आणि हवेशी संपर्क निम्म्याहून कमी उरतो. उंच, अरुंद भांड्यात पेय सावकाश आंबते. गळा निमुळता असल्यास द्रव बरणी निमुळती होऊ लागते त्या रेषेच्या खालीच ठेवावा. गळ्यापर्यंत भरलेल्या बरणीची क्षमता वाढते, पण पृष्ठभाग आक्रसतो. हात आत जाईल एवढे तोंड असावे, नाहीतर थर काढणे व बरणी घासणे कठीण होते.

पहिल्या खेपेसाठी २ ते ५ लिटरची बरणी पुरेशी असते. फार लहान बरणीत तापमानाचे चढउतार जास्त जाणवतात, तर फार मोठ्या बरणीसाठी लागणारे विरजण सुरुवातीला उपलब्ध नसते. तोटी असलेली बरणी सततच्या निर्मितीसाठी सोयीची असते. तिच्यातून हवे तेवढे पेय काढून तेवढाच गोड चहा वरून घालता येतो. परंतु स्वस्त बरण्यांच्या चकाकत्या तोट्या बहुधा मुलामा दिलेल्या हलक्या धातूच्या किंवा प्लास्टिकच्या असतात. मुलामा आम्लाने उडतो आणि आतील धातू पेयात उतरू लागतो. काचेची बरणी निवडून तोटीकडे दुर्लक्ष करणे ही सर्वांत सामान्य चूक होय. याशिवाय यीस्टचा गाळ व सेल्युलोजचे तंतू तोटीत अडकतात, त्यामुळे ती सुटी करून धुता येणारी असावी लागते.

पहिली खेप

विरजण दोन मार्गांनी मिळते. आधीपासून कोंबुचा करणाऱ्या ओळखीच्या व्यक्तीकडून थर व किमान पेलाभर आंबट द्रव आणणे हा पहिला. दुसरा म्हणजे बाजारातील पाश्चरीकरण न केलेल्या, कोणताही स्वाद नसलेल्या कोंबुचाची बाटली वापरणे. यात नवा थर धरण्यास दोन ते चार आठवडे लागू शकतात. आल्याचा किंवा फळांचा स्वाद असलेली बाटली विरजणासाठी योग्य नाही.

सर्वसाधारण प्रमाण लिटरमागे ५ ते ८ ग्रॅम चहा आणि ६० ते ८० ग्रॅम साखर असे असते. ५ लिटरच्या बरणीत ४ लिटरची खेप लावायची असल्यास साडेतीन लिटर पाणी, २० ते २५ ग्रॅम चहा, २५० ग्रॅम साखर आणि अर्धा लिटर विरजण हे प्रमाण सोयीचे पडते. विरजण एकूण द्रवाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी नसावे. साखर कमी करण्याचा मोह टाळलेला बरा. ती सूक्ष्मजीवांचे खाद्य असून तिचा बराच भाग किण्वनात खर्ची पडतो. उरलेली साखर मात्र पेयात राहते, त्यामुळे मधुमेही व्यक्तींनी कोंबुचा साखरमुक्त समजू नये.

काळा किंवा हिरवा कोरा चहा चालतो. घराघरांतील सीटीसी चहा वापरता येतो, परंतु तो लवकर कडवट होतो, म्हणून पाच ते सात मिनिटांत गाळून घ्यावा. दूध अर्थातच वर्ज्य आहे. चहा मसाला, गवती चहा व सुगंधी तेले घातलेले चहाही सुरुवातीला टाळले जातात, कारण त्यांतील तेले सूक्ष्मजीवांना बाधक ठरू शकतात. पांढरी साखर अनुमानक्षम परिणाम देते. गुळाने पेय तयार होते, पण चव व वेग खेपेगणिक बदलतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उकळल्याने निघून जातो. कूपनलिकेच्या जड पाण्यातील बायकार्बोनेट क्षार आम्ल अंशतः उदासीन करतात, त्यामुळे अशा पाण्यात खेप अपेक्षेइतकी आंबट होत नाही.

साखर विरघळवलेला चहा गाळून खोलीच्या तापमानापर्यंत निवल्यावर गरम पाण्याने स्वच्छ धुतलेल्या बरणीत ओततात, त्यात विरजण मिसळतात व थर असल्यास वर सोडतात. तो बुडाला, तिरपा राहिला किंवा तरंगला तरी फरक पडत नाही. नवा थर पृष्ठभागावर स्वतंत्रपणे धरतो. तोंडावर दाट विणीचे सुती कापड दोन-तीन पदरी करून रबराने घट्ट बांधतात. विरळ मलमलीतून चिलटे आत शिरतात. आंबट-गोड वास त्यांना दुरून खेचतो आणि त्यांच्या अळ्या थरात आढळल्यास संपूर्ण खेप टाकावी लागते. बरणी उन्हापासून दूर ठेवतात आणि नवा थर धरेपर्यंत हलवत नाहीत.

तापमान आणि ऋतुमान

किण्वनास २४ ते २९ अंश सेल्सियस तापमान अनुकूल असते. युरोपीय व अमेरिकी पुस्तकांतील सात ते चौदा दिवसांची मुदत तेथील घरांना धरून दिलेली असते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात खेप पाच दिवसांत तीव्र आंबट होऊ शकते; कोकण व गोव्यातील दमट पावसाळ्यात बुरशीचा धोका वाढतो; नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात तीच खेप दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळते. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा चौथ्या-पाचव्या दिवसापासून स्वच्छ चमच्याने चव पाहणे व सामू तपासणे अधिक विश्वसनीय ठरते. सामूपट्टी थेट बरणीत न बुडवता थोडा द्रव वेगळा काढून तपासावा. सात दिवसांत सामू ४.२ किंवा त्याखाली आला नाही, तर विरजण दुर्बल अथवा दूषित आहे किंवा जागा फार थंड आहे असे समजून खेप टाकून द्यावी, असे अन्नसुरक्षेचे मार्गदर्शन आहे.

बिघाड ओळखणे

तपकिरी लोंबणारे तंतू, तळचा गाळ, थरावरील छिद्रे, बुडबुडे व डाग ही निरोगी खेपेचीच लक्षणे आहेत. बुरशी नेहमी पृष्ठभागावर, हवेच्या बाजूस येते. ती कोरडी व लोकरीसारखी केसाळ असून पांढरी, हिरवी, निळसर किंवा काळी दिसते. शिळ्या भाकरीवरील बुरशी पाहिलेल्या कोणालाही ती ओळखता येते. बुरशी आल्यास द्रव, थर आणि त्या खेपेतून काढलेले विरजण सर्व टाकून बरणी व कापड उकळत्या पाण्याने स्वच्छ करावे लागते. वरचा भाग खरवडून उरलेले वापरणे धोक्याचे आहे, कारण काही बुरशींची विषद्रव्ये द्रवात उतरतात.

बाटलीतील दुसरे किण्वन

पेय अधिक फसफसावे म्हणून ते बाटलीत भरून एक-दोन दिवस बाहेर व नंतर शीतकपाटात ठेवतात. येथे भांड्याचा निकष बदलतो. बरणीला हवा लागत होती, बाटलीला दाब सोसावा लागतो. चौकोनी किंवा शोभेच्या काचेच्या बाटल्या वाढत्या दाबाने फुटून इजा करू शकतात. सोड्यासारख्या पेयांसाठी घडवलेल्या जाड, गोल बाटल्याच वापराव्यात. सोबत एक प्लास्टिकची बाटली भरून ठेवल्यास, ती हाताला टणक लागताच उरलेल्या सर्व बाटल्या थंड करण्याची वेळ झाली हे कळते. फळांचा रस घातल्यास दाब व अल्कोहोल दोन्ही वाढतात. अमेरिकेत ०.५ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेले पेय मद्य गणले जाते. २०१० मध्ये ही मर्यादा ओलांडल्याच्या शंकेवरून तेथील काही दुकानांनी कोंबुचाच्या बाटल्या फळ्यांवरून काढल्या होत्या. घरगुती पेयात हे प्रमाण मोजले जात नसल्याने मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी याची नोंद घेणे आवश्यक ठरते.

आरोग्यविषयक दावे आणि धोके

पचन सुधारण्यापासून कर्करोग बरा करण्यापर्यंतचे गुण कोंबुचाला चिकटवले गेले आहेत. एडझर्ड एर्न्स्ट यांनी २००३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात या दाव्यांना आधार देणारा एकही चिकित्सालयीन अभ्यास आढळला नाही.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात सुमारे दोन महिने रोज कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांच्या रक्तातील आम्लता धोकादायक पातळीला गेली व त्यांपैकी एकीचा मृत्यू झाला. दोघींचे विरजण एकाच मूळ थरातून आले होते. पेय व विरजण यांच्या तपासणीत रोगजंतू किंवा विष सापडले नाही आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. त्या प्रसंगी अमेरिकी अधिकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींना दिवसाला सुमारे १२० मिलिलिटर पेय बहुधा बाधत नाही, मात्र आधीच आजारी असलेल्यांच्या किंवा अति सेवन करणाऱ्यांच्या बाबतीत धोका अज्ञात आहे, असे नमूद केले. गर्भवती व स्तनदा स्त्रिया, लहान मुले, यकृत किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्या व्यक्ती आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण यांनी घरगुती, पाश्चरीकरण न केलेला कोंबुचा टाळावा, असा सल्ला दिला जातो.